सडकी गाडी कुणाच्या गळ्यात मारू नका

मिरगाला आता तीन आठवडे उरले आहेत. आंबा उतरवून झाला की कौलं चाळायची, लाकडं पडवीत रचायची, पागोळीचं पाणी आत येऊ नये म्हणून झाप बांधायचे, ही पावसाळ्यापूर्वीची कामं कोकणातल्या माणसाला कुणी सांगावी लागत नाहीत. मी त्यात आणखी एका कामाची भर घालायला आलो आहे. दारात उभी असलेली तुमची जुनी गाडी या तीन आठवड्यांत एकदा खालून बघून घ्या. वरून नाही, खालून. आणि खालून ती गंजून सडलेली निघाली, तर वरून रंग मारून दुसऱ्या कुणाला विकू नका.

हात जोडून सांगतो आहे, कारण हे पाप मी स्वतः केलेलं आहे.

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात मी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. २००६ साली पतपेढीचं कर्ज काढून पांढरी ओम्नी घेतली. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दक्षिणेचा वारा सुटला की खिडकीच्या गजावर बोट फिरवावं आणि जिभेला लावावं, खारट लागायचं. त्या वाऱ्यात गाडी चौदा वर्षं उभी होती. आईला दवाखान्यात नेलं ते तिच्यातूनच, मुलीला दहावीच्या परीक्षेला सोडलं ते तिच्यातूनच, आणि दर भाद्रपदात गणपती मांडीवर घेऊन आलो तेही तिच्यातूनच. गाडीवर माया होती. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. वाडीतली निम्मी सुपारी आडवी झाली, गाडीच्या शेडचे पत्रे उडून गेले. मी गाडीवर ताडपत्री आवळून बांधली आणि तो अख्खा पावसाळा ती तशीच झाकून ठेवली. वाटलं, जपली. खरं तर मी तिला ओल्या वाफेत कोंडली होती.

ऑक्टोबरात गाडी गॅरेजला नेली. आमचा मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी. त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, थोडा वेळ खाली खुडबुड केली आणि हाक मारली, "सर, जरा खाली या." मी खड्ड्यात उतरलो. त्याने बॅटरीचा झोत मागच्या सीटखालच्या फ्लोअरवर टाकला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर पत्र्याला लावून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. ठण्ण आवाज नाही, काही नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटात बोट जावं तसा गेला आणि तांबूस भुगा माझ्या शर्टावर सांडला. मग त्याने मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी दाखवली. पेन्सिलीपेक्षा बारीक नळी ती. फडक्याने पुसल्यावर फडक्याबरोबर खवले निघून आले आणि खाली नळीला देवीच्या वणांसारखे खळगे दिसले.

तो म्हणाला, "सर, ह्या गाडीला आता रंगानेच धरून ठेवलंन् आहे. नळी बदला, फ्लोअर कापून नवा पत्रा मारा. नाहीतर सरळ भंगारात घाला."

पंचवीस हजारांचं काम होतं. गाडीची किंमत चाळिशीच्या आत. मी हिशेब केला आणि तो चुकीचा केला. दुसऱ्या गावातल्या एका पेंटरकडे गाडी नेली, भोकांवर लांबी भरून घेतली, पांढरा रंग मारला, फ्लोअरवर नवी रबरी चटई टाकली. नळीला हात लावला नाही, कारण नळी कुणाला दिसत नाही. दिवाळीनंतर अडतीस हजारांना गाडी विकली. घेणाऱ्याने विचारलं, "सर, गाडी कशी आहे?" मी म्हणालो, "सिंगल हँड आहे." तो हसला आणि म्हणाला, "मास्तरांची गाडी म्हणजे डोळे झाकून घ्यायची."

त्याने डोळे झाकून घेतली. मी मात्र उघड्या डोळ्यांनी विकली होती.

त्या माणसाने तिच्यातून काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांची ने-आण सुरू केली. एसटीचा संप मिटला होता, पण आडवळणाच्या गावांच्या काही फेऱ्या सुरूच झाल्या नव्हत्या. मग बायका जाणार कशाने? २०२२ च्या जुलैत एका सकाळी, पावसाची झड लागलेली, गाडीत नऊ बायका. उतारावर समोरून टेम्पो आला म्हणून त्याने जोरात ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेलं. ब्रेकची यंत्रणा दोन भागांत असते, एक भाग फुटला तरी दुसरा थोडाफार धरतो. पण भरलेली गाडी, ओला रस्ता आणि उतार, तिथे थोडाफार कुठे पुरणार? त्याने गाडी दरीच्या बाजूला न जाऊ देता डोंगराकडे घातली, म्हणून नऊही जणी आज आहेत. पुढे बसलेल्या बाईची मांडी दोन ठिकाणी मोडली. तिची मुलगी माझ्याकडे नववीला होती.

काजू फोडायचं यंत्र हाताने आणि पायाने चालवायचं असतं. बी पात्यांमध्ये धरायची, पायाने पेडल दाबायचं, हाताने दांडा ओढायचा. तिचा डावा पाय आता आखूड आहे. तिचं ते काम गेलं.

गाडीवाल्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. "पाइप फुटला सर, नशीब," एवढंच म्हणाला. ती नळी कशी फुटली हे मला ठाऊक होतं. माझ्या मिस्त्रीलाही ठाऊक होतं.

आता यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग. मी गंज हा धडा अठ्ठावीस वर्षं शिकवला. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. एका नळीत साधं पाणी आणि हवा. दुसरीत उकळून हवा काढलेलं पाणी, वर तेलाचा थर. तिसरीत ओल शोषून घेणारं कॅल्शियम क्लोराइड, म्हणजे फक्त कोरडी हवा. चार-पाच दिवसांनी पहिल्या नळीतलाच खिळा गंजतो. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, हे मुलांना दिसतं. मी हौसेने चौथी नळी ठेवायचो, समुद्राच्या पाण्याची. त्यातला खिळा मुलं दुसऱ्या दिवशीच ओरडून दाखवायची. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं ही लोखंडाच्या अंगावर चालणारी विजेचीच देवाणघेवाण असते, हे मी फळ्यावर लिहून द्यायचो. आणि तास संपला की त्याच समुद्राच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या गाडीत बसून घरी जायचो.

तांब्याच्या भांड्यावर हिरवट थर चढतो, ॲल्युमिनियमवर बारीक पापुद्रा येतो, आणि तो खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो फुगतो. मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग वर उचलतो, त्याचे फोड येतात, खवले सुटतात आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा ओलीला उघडं पडतं. दाराच्या खालच्या कडेला तुम्हाला मसुरीएवढा फोड दिसला तर तो सुरुवात आहे असं समजू नका. आतल्या बाजूने पत्रा खाऊन गंज बाहेर आला आहे. गाडी बहुतेक वेळा आतून बाहेर सडते. पत्र्याच्या घड्या, दोन पत्रे जिथे टाके मारून जोडलेले असतात त्या फटी, पोकळ पट्ट्या, चाकांच्या कमानीमागे साचलेला चिखल, इथे ओल महिनोन्‌महिने सुकत नाही. पाणी बाहेर जायला खाली भोकं ठेवलेली असतात, ती चिखलाने आणि पाल्यापाचोळ्याने बुजतात. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीत तर त्याच्या दुपटीहून जास्त. ही ओल आणि हा खार एकत्र आल्यावर लोखंडाचं काय होतं ते माझ्या चौथ्या नळीत दिसत होतं.

म्हणून मी गाडीच्या वयावर बोलत नाही. दिल्लीत दहा वर्षांची डिझेल गाडी आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी यावरून जो वाद चालतो, तो धुराचा आहे. आपला प्रश्न निराळा. सोलापूर-लातूरकडच्या कोरड्या हवेत वीस वर्षांची जीप खालून खणखणीत असू शकते आणि मालवणात आठ वर्षांची गाडी पोखरलेली. जुनी गाडी वापरणाऱ्याला मी कमी लेखत नाही. नवी गाडी परवडत नाही म्हणूनच माणूस जुनी घेतो, आणि जुनी गाडी जिवापाड सांभाळणारी माणसं आपल्यात आहेत. माझं बोलणं आहे ते सडलेल्या गाडीबद्दल आणि ती सडली आहे हे ठाऊक असूनही गप्प बसणाऱ्याबद्दल.

कुणी म्हणेल, मग आरटीओ कशाला आहे? टॅक्सी, टेम्पो, बस अशा भाड्याच्या वाहनांना पासिंग आहे. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी एकदा आणि त्यानंतर दरवर्षी. तुमच्या-माझ्या खासगी गाडीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची असते. त्या पंधरा वर्षांत तिच्या पोटाखाली डोकावून बघायला कायद्याने कुणीही बांधलेला नाही. पीयूसीवाला सायलेन्सरला नळी लावतो, धूर मोजतो, कागद देतो. सायलेन्सर ज्या पट्टीला टांगला आहे ती पट्टी उद्या गळून पडणार आहे का, हे तो बघत नाही. ते त्याचं कामही नाही. ब्रिटन हा आपल्यासारखाच पावसाने भिजलेला, चहूकडून समुद्राने वेढलेला देश. तिथे तीन वर्षांपुढच्या प्रत्येक मोटारीची दरवर्षी तपासणी होते, खासगी असली तरी. सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग जिथे अंगाला जोडलेलं असतं त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा सडून कमकुवत झालेला आढळला, तर गाडी नापास. लांबी भरून, रंग मारून ती पास होत नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापून, वेल्डिंग करून दाखवावी लागते. ही ३० सेंटिमीटरची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दाराचा पत्रा गंजला तर गाडी कुरूप दिसते, त्याने कुणी मरत नाही. पण सीटबेल्टचा बोल्ट सडलेल्या पट्टीत असेल तर धडकेच्या क्षणी बेल्ट माणसाला धरत नाही, बोल्टसकट उपटून येतो. मागच्या पाट्यांचा शॅकल किंवा त्याचा हँगर चेसीपासून सुटला तर मागचा ॲक्सल तिरका होतो आणि गाडी वळणावर स्वतःच्या मर्जीने जाते. सायलेन्सरला भोक आणि फ्लोअरलाही भोक, वर काचा बंद करून एसी लावलेला, अशा गाडीत कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते. आणि ब्रेकची नळी. ती हळू ब्रेक दाबल्यावर फुटत नाही, रोजच्या वापरात महिनोन्‌महिने टिकते. जोरात दाबला की आत दाब चढतो आणि मग ती फुटते. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची खरोखर गरज आहे, नेमक्या त्याच क्षणी. कुंभार्ली, आंबा, वरंधा, फोंडा, करूळ, आपल्या प्रत्येक गावाचा रस्ता कुठल्या ना कुठल्या घाटातून जातो. तिथे हा क्षण रोज येतो.

तुम्ही स्वतः काय करू शकता? अर्ध्या तासाचं काम आहे. गाडीतल्या चटया, खालचा फोम, सगळं उचला. ओल लागते का ते हाताने चाचपा. माझ्या चटईखाली लांबी होती. मी एका गाडीत चटईखाली प्लायवूडचा तुकडाही पाहिला आहे, आणि त्या प्लायवूडवर शाळेत जाणाऱ्या पोरांचे पाय होते. लोहचुंबक घ्या, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून फडक्यात गुंडाळा आणि दाराच्या कडा, पायरीची पट्टी, चाकांच्या कमानी यांवर फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे लोखंड उरलेलं नाही, लांबी आहे. जॅक लावायच्या जागेवर बोटांनी ठोका. चांगला पत्रा खणकतो, सडलेला भद्द वाजतो. इंजिन चालू ठेवून ब्रेकचं पेडल पायाने घट्ट दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर गाडी रस्त्यावर काढूच नका. नुसत्या जॅकवर उचलून गाडीखाली मात्र कधीही शिरू नका. सडलेल्या गाडीत जॅकच पत्र्यात घुसतो. त्यासाठी मिस्त्रीकडे जा, खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्यायला लावा आणि स्वतः खाली उतरा. त्याचं नुसतं ऐकून घेऊ नका, बघा. ब्रेकच्या नळ्या शेवटपर्यंत फडक्याने पुसून घ्या. सीटबेल्ट, पाटे, स्टिअरिंग यांच्या जोडापासून वीतभर आणि वर चार बोटं, म्हणजे त्याच ३० सेंटिमीटरच्या टापूत स्क्रूड्रायव्हर दाबून बघायला सांगा.

वरवरचा तांबूस थर असेल तर घाबरू नका. घासून, वाळवून, प्रायमर आणि अंडरकोटिंग मारून ते निभतं. पुष्कळ जण पावसाळ्याआधी गाडीला खालून जळकं ऑइल फासतात. स्वच्छ, कोरड्या लोखंडावर त्याने थोडी राखण होते हे खरं. पण ओल्या चिखलावर फासलं तर ओल आतच कोंडते, आणि रबराच्या होजवर, बुशवर उडालं तर रबर फुगून खराब होतं. आधी दाबाच्या पाण्याने धुवा, उन्हात दोन दिवस वाळवा, मग काय लावायचं ते लावा. बुजलेली भोकं तारेने मोकळी करा. ताडपत्रीने गाडी आवळू नका. हा धडा मला महाग पडला.

पर्यटकांनाही विनंती आहे. कर्दे, लाडघर, मुरूड, काशीद, कुठेही पुळणीत गाडी घालून लाटांमधून फिरवण्याची हौस करू नका. व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा होतो, आणि पट्ट्यांच्या पोकळीत शिरलेलं खारं पाणी पुढची कित्येक वर्षं लोखंड खात बसतं. ती गाडी तुम्ही चार वर्षांनी विकाल तेव्हा घेणाऱ्याला हे कुठे कळणार आहे? हर्णैच्या बंदरावरून मासळी भरून निघणाऱ्या टेम्पोंचं दुखणं वेगळं. त्यांच्या हौद्यातून बर्फाचं खारट पाणी रात्रभर चेसीवर ठिबकत असतं. त्यांचं पोट त्यावरच चालतं, त्यांना ते टाळता येणार नाही. पण परत आल्यावर रोज गोड्या पाण्याने चेसी धुणं त्यांच्या हातात आहे. जे रोज धुतात त्यांच्या गाड्या आणि जे धूत नाहीत त्यांच्या, तीन वर्षांत ओळखू येतात.

आता विकण्याबद्दल. त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

सडकी गाडी नेहमी खाली सरकते. पहिला मालक नोकरदार असतो. दुसरा दुकानदार. तिसरा तिच्यातून भाजी आणतो. चौथा शाळेची पोरं भरतो किंवा बागेवरचे गडी, कारखान्यातल्या बायका. प्रत्येक व्यवहारात गाडी जास्त सडलेली आणि तिच्यात बसणारी माणसं जास्त गरीब, जास्त गर्दीने. आणि प्रत्येक व्यवहाराआधी तिला एकदा रंग मारला जातो. गाडी जेव्हा रस्त्यावरून जायच्या लायकीची राहत नाही तेव्हा तिच्यात माणसं सगळ्यात जास्त बसतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेलं, महाड सावित्रीच्या. त्या पुरात शेकडो गाड्या गाळात बुडाल्या. त्यातल्या किती धुऊनपुसून, सीटकव्हरं बदलून दुसऱ्या जिल्ह्यात स्वस्तात गेल्या असतील याचा अंदाज करा. बाजारात अचानक स्वस्त गाडी दिसली तर सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ असते. ती कुणी धूत नाही.

आणि विकून सुटलो असं वाटत असेल तर माझं ऐका. अपघातानंतर पोलिसांचा फोन मला आला. मी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद गाडी घेणाऱ्याच्या हाती दिले होते, त्याने ते पुढे नेलेच नाहीत. आरटीओच्या दप्तरी मालक मीच. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, नुकसानभरपाईला जबाबदार तोच. मधे गाडी कितीही हात फिरली असली तरी. शिवाय पंधरा वर्षं पुरी होऊन नोंदणी संपलेली, खासगी गाडी भाड्याने चालवलेली. विमा कंपनीने हात वर केले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे रस्त्यावर धोकादायक ठरेल अशी गाडी चालवणं किंवा चालवू देणं हाच गुन्हा आहे, आणि त्यातून कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याची भीती घालावी म्हणून मी हे सांगत नाही. त्या बाईच्या ऑपरेशनचे पैसे मी भरले, पुढेही जमेल तसे देतो आहे. तिच्या घरी गेलो की ती ओट्यावरून उठायचा प्रयत्न करते, "सर आले" म्हणून. मला तिथे उभं राहवत नाही.

तेव्हा गाडीची अवस्था दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर ती मोडा. अख्खी गाडी कुणाच्या हाती जाऊ देऊ नका. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रं निघाली आहेत. तिथे गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते दाखवल्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राने केली आहे. राज्यात सध्या किती मिळते ते आरटीओत विचारा. गाडी वापरातून गेली की १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते, ते करा. पैसे थोडे मिळतील. माझ्या गाडीचे भंगारात बारा-तेरा हजार आले असते. म्हणजे मी पंचवीस हजारांच्या फरकासाठी एका बाईचा पाय घालवला. हा आकडा मी रात्री झोप येत नाही तेव्हा पुन्हा पुन्हा मांडतो.

गाडी दुरुस्त होण्याजोगी असेल आणि विकायचीच असेल, तर घेणाऱ्याला खड्ड्यात उतरवा आणि सगळं दाखवा. ब्रेकच्या नळ्या बदलून द्या. माझ्या गाडीच्या नळीचं काम दोन हजारांत झालं असतं. नाव बदलल्याशिवाय चावी देऊ नका.

घेणाऱ्यांनो, मालक ओळखीचा आहे, मास्तर आहे, डॉक्टर आहे, देवभोळा आहे, म्हणून डोळे झाकू नका. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनो, वर्षभर चाळीबाहेर उभी असलेली गाडी चतुर्थीच्या आदल्या रात्री महामार्गावर काढण्याआधी एकदा खालून बघा. आईबापांनो, तुमचं पोर ज्या व्हॅनमधून शाळेत जातं तिच्या मागच्या सीटखाली एकदा हात घालून बघा. व्हॅनवाला रागावला तर रागावू दे. आणि गॅरेजवाल्यांनो, पेंटर बंधूंनो, तुम्हाला तर सगळं दिसतं. सडलेल्या फ्लोअरवर लांबी भरायला कुणी सांगितलं तर त्याला नाही म्हणा. मला त्या पेंटरने नाही म्हटलं असतं तर मी कदाचित वळलो असतो. माझ्या मिस्त्रीने तर स्पष्ट सांगितलं होतं, तरी मी ऐकलं नाही. म्हणून दोष तुमच्यावर ढकलत नाही. पण तुमचं एक "नाही" मधे उभं राहू शकतं.

ग्रामपंचायतींना आणि महिला बचत गटांना वेगळी विनंती. ज्या बायका रोज कारखान्याला, बागेला, बंदरावर भाड्याच्या गाडीतून जातात, त्या गाडीवाल्याला चटई उचलून दाखवा असं म्हणायची त्यांची हिंमत होत नाही, कारण दुसरी गाडी नसते. त्यांच्या वतीने तुम्ही म्हणा. आणि एसटीची फेरी मागायला आगारात जाल तेव्हा हे कारणही अर्जात लिहा.

आमच्या गावात आम्ही सुरुवात केली आहे. माझा विद्यार्थी, तोच मिस्त्री, मिरगापर्यंत दर रविवारी सकाळी आठ ते बारा गॅरेजचा खड्डा यासाठी मोकळा ठेवतो. गाडी कुणाचीही असो, बघायचे पैसे घेत नाही. मी बॅटरी आणि लोहचुंबक घेऊन खाली उभा असतो. पहिल्या रविवारी सात गाड्या आल्या, त्यातल्या दोन गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या त्याच दिवशी बदलल्या आणि एक जीप तिथून परत गेलीच नाही. तुमच्या गावात खड्डा असलेलं एक गॅरेज आणि तासभर उभा राहील असा एक माणूस असेल, तर येत्या रविवारी सुरू करा. येणाऱ्यांना एवढंच सांगा, की निघण्याआधी मागच्या सीटखालची चटई घरीच काढून ठेवा.